बावन्न, सातशे, दोन हजार : टेंबे स्वामींनी मोजून दिलेली उपासना

वडोद्यात दांडिया बाजार, रावपुरा, सलाटवाडा, बाबाजीपुरा या भागांतल्या जुन्या मराठी घरांत देव्हाऱ्याखालचा खण उघडला, की दत्तसंप्रदायाचं वाङ्मय तीन-चार आकारांत सापडतं. तळाशी लाल कापडात बांधलेलं जाडजूड गुरुचरित्र, त्यावर एक पातळ पोथी, पोथीत खुणेला घातलेले करुणात्रिपदीचे, म्हणजे दत्ताची करुणा भाकणाऱ्या तीन पदांचे, कागद आणि सगळ्यांत वर तळहाताएवढी, गुजराती लिपीतली बावन्न ओळींची दत्तबावनी. जाड पोथी वर्षातून एकदा बाहेर निघते. पातळ पोथी अधूनमधून निघते, त्रिपदी रोज दिवेलागणीला होते आणि बावनी सिटी बसमध्ये उभ्यानेही म्हटली जाते. या उतरंडीमागे गरुडेश्वरच्या एका संन्याशाचा बराच विचार आणि बरंच लेखन आहे.

श्री वासुदेवानंद सरस्वती, म्हणजे टेंबे स्वामी, यांच्याबद्दल लिहिताना चमत्कारांची यादी देण्याची पद्धत पडून गेली आहे. ती इथे बाजूला ठेवू. दुसरी पद्धत त्यांना ‘थोर समाजसुधारक’ म्हणण्याची, तीही बाजूलाच ठेवलेली बरी. आगरकर किंवा विठ्ठल रामजी शिंदे ज्या अर्थाने सुधारक, त्या अर्थाने स्वामी सुधारक नव्हते. आचारधर्मात ते तसूभरही हलले नाहीत. त्यांनी बदललं ते उपासनेचं माप. पूर्ण विधी ज्याला झेपत नाही त्याला काय द्यायचं, आणि ते देताना मूळचं काहीही सांडू द्यायचं नाही, हा प्रश्न त्यांनी जन्मभर सोडवला. त्यांचं खरं ऋण तिथे आहे, आणि नेमकं तेच चरित्रांमध्ये दोन ओळींत आटोपलं जातं.

जन्म १८५४ चा, श्रावण वद्य पंचमीचा, सावंतवाडीजवळच्या माणगावात. वडील गणेशभट्ट, आई रमाबाई. घरात वेदपठण, याज्ञिकी, ज्योतिष आणि दत्तभक्ती. लग्न झालं, संसार केला, माणगावात दत्तमंदिर उभारून तिथे सात वर्षं काढली आणि मग पत्नी अन्नपूर्णाबाईंसह घर सोडलं. १८९१ मध्ये गंगाखेडला, गोदावरीकाठी, पत्नी गेली. दोन आठवड्यांत त्यांनी संन्यास घेतला आणि पुढे उज्जयिनीला नारायणानंद सरस्वतींकडून दंड घेतला. तेव्हा वय छत्तीस-सदतीस. तिथून १९१३ पर्यंत तेवीस चातुर्मास वेगवेगळ्या ठिकाणी झाले, आणि सगळा प्रवास पायी. ब्रह्मावर्त, द्वारका, नर्मदाकाठचं चिखलदा, दक्षिणेत तंजावर, कृष्णेतलं कुरवपूर. आपल्या वडोद्याच्या बाजूला तिलकवाडा, जो तेव्हा गायकवाडांच्या मुलखात होता. सोबत दंड, कमंडलू, छाटी, पोथ्या आणि एक छोटी दत्तमूर्ती. पोटात संग्रहणी. शेवटचा मुक्काम गरुडेश्वर, तिथेच १९१४ च्या जूनमध्ये, आषाढ शुद्ध प्रतिपदेला, ते समाधिस्थ झाले.

जयंतीच्या तिथीवरून इंदूर-ग्वाल्हेरच्या नातेवाइकांशी दरवर्षी फोनवर वाद होतो, म्हणून एक खुलासा. आपलं आणि गुजरातचं पंचांग अमान्त, तिकडचं पौर्णिमान्त. शुद्ध पक्षात दोन्हीकडे महिना एकच, त्यामुळे दत्तजयंतीला घोळ होत नाही. वद्य पक्षात मात्र नाव बदलतं. आपली श्रावण वद्य पंचमी ही त्यांच्या कॅलेंडरवर भाद्रपद कृष्ण पंचमी असते. दिवस तोच. निमंत्रणपत्रिकेत तिथीबरोबर तारीख छापावी, म्हणजे कोणी महिनाभर आधी येऊन उभं राहत नाही.

आता मापांकडे. मूळ मराठी गुरुचरित्राच्या ओव्या सुमारे साडेसात हजार. त्यावर स्वामींनी संस्कृतात दोन हजार श्लोकांची द्विसाहस्री केली. मग तीनशे श्लोकांची त्रिशती. आणि संस्कृत ज्याला येत नाही त्याच्यासाठी मराठीत सातशे ओव्यांचं सप्तशती गुरुचरित्रसार. एकच चरित्र, चार मापांत. याशिवाय कुमारशिक्षा, युवशिक्षा आणि वृद्धशिक्षा असे तीन छोटे संस्कृत ग्रंथ आहेत. तिथे तर वयाप्रमाणे मात्रा ठरवलेली. घोरकष्टोद्धरण स्तोत्र पाच श्लोकांचं, अडचणीत सापडलेल्या माणसाला पाठ होईल एवढंच. आणि ज्याला तेवढंही नको त्याला अठरा अक्षरं, ‘दिगंबरा दिगंबरा श्रीपाद वल्लभ दिगंबरा’. पाहिजे तर मोजून बघा.

सप्तशतीबद्दल जरा थांबायला हवं, कारण ती नुसती काटछाट नाही. तिच्या प्रत्येक ओवीतलं तिसरं अक्षर उचलून ओळीने लावत गेलं, की गीतेचा पंधरावा अध्याय तयार होतो. सातशेच ओव्या का, याचं उत्तरही तिथेच आहे. पंधराव्या अध्यायात वीस श्लोक. त्यांपैकी पंधरा अनुष्टुभातले, प्रत्येकी बत्तीस अक्षरांचे, म्हणजे चारशे ऐंशी. उरलेले पाच (दुसरा ते पाचवा आणि पंधरावा) लांब वृत्तातले, प्रत्येकी चव्वेचाळीस धरले तर दोनशे वीस. बेरीज सातशे. तिसऱ्या श्लोकाच्या पहिल्या चरणात एक अक्षर जास्त भरतं, तेवढी सूट धरावी. कथा न तोडता, ओवीचा यमक सांभाळत, ठरलेलं अक्षर ठरलेल्या जागी बसवत सातशे ओव्या रचणं हे कवित्व तर आहेच, पण त्याचा एक रोकडा उपयोगही आहे. गटागटांत फिरणाऱ्या टंकलिखित पोथ्यांमध्ये चुका फार असतात. ओवीच गळालेली असते, दोन ओव्यांची अदलाबदल झालेली असते, नाहीतर पहिला शब्द बदललेला असतो. सप्तशतीची प्रत हातात आली की तिसरी अक्षरं पेन्सिलीने अधोरेखित करत जावं आणि शेजारी गीता उघडी ठेवावी. जिथे अक्षर जुळत नाही तिथे प्रत बिघडलेली. तिसरं अक्षर मोजताना जोडाक्षर एकच धरायचं, हे विसरलं तर पहिल्या दहा ओव्यांतच हिशेब कोसळतो आणि माणूस पोथीला दोष देतो.

याच काळात वडोद्यात दुसरं काय चाललं होतं ते पाहिलं तर गंमत वाटते. स्वामी समाधिस्थ झाले १९१४ ला, आणि १९१५ ला सयाजीराव महाराजांच्या संस्थानात हिंदू पुरोहित कायदा झाला. पौरोहित्य करायचं तर परीक्षा द्या, आपण काय म्हणतो आहोत ते तुम्हाला कळलं पाहिजे, असा त्याचा रोख. त्याआधी, १९०६ मध्ये, सक्तीचं मोफत प्राथमिक शिक्षण संस्थानभर लागू झालं होतं, मुलींनाही. एकीकडे कडक सोवळ्यातला संन्यासी, दुसरीकडे कायद्याने धर्म सरळ करू पाहणारा राजा. दोघांची भेट झाली की नाही हा मुद्दा नाही. दोघांच्या कामाचा परिणाम मात्र एकाच घरात येऊन मिळाला. स्त्रियांनी गुरुचरित्र वाचू नये हा दंडक संप्रदायात स्वामींच्या नावाने सांगितला जातो, आणि आजही काही ठिकाणी तो पाळतात. पण वडोद्याच्या मराठी बायका दोन-तीन पिढ्यांपूर्वीच शाळेत जाऊन आल्या होत्या. आज इथे सामूहिक पारायण बसलं की निम्म्याहून अधिक पाट बायकांचे असतात. कोणाला हे पटत नसेल तर त्यांनी सप्तशती द्यावी, वादही मिटतो आणि वाचनही होतं. आमच्या मते मात्र ज्याला पोथी वाचता येते त्याला ती वाचू द्यावी.

सप्ताहाचं, म्हणजे सात दिवसांत गुरुचरित्र वाचून पूर्ण करण्याचं, गणित नीट समजून घेतलं तर निम्मी पारायणं मध्येच मोडतात ती मोडणार नाहीत. दत्तजयंती मार्गशीर्ष पौर्णिमेची, जन्म संध्याकाळी. पौर्णिमा संध्याकाळी कधी आहे त्यावर दिवस ठरतो, म्हणून अनेकदा जयंती चतुर्दशीच्या दिवशी येते. ‘सप्तमीला बसायचं’ असं आजीने सांगितलं म्हणून डोळे मिटून सप्तमीला बसू नये. एखाद्या तिथीचा क्षय असेल तर सहाच दिवस हाती राहतात, वृद्धी असेल तर आठ. पंचांगात जयंतीची तारीख पाहावी आणि तिथून मागे सात दिवस मोजावेत. एरवी वर्षभरात कधी बसायचं झालं तर शनिवारी सुरू करून शुक्रवारी संपवतात, कारण शुक्रवार हा श्रीगुरूंच्या, म्हणजे नृसिंह सरस्वतींच्या, निजगमनाचा वार मानतात. नोकरदार घरात ही सोय अडचणीची ठरते. सुरुवात सुट्टीत येते आणि समाप्तीचा स्वयंपाक, माणसं, आरती हे सगळं कामाच्या दिवशी. अशा घराने शुक्रवारची रजा आधीच टाकावी.

अध्यायांची वाटणी सर्वसाधारणपणे अशी: पहिल्या दिवशी नऊपर्यंत, दुसऱ्या दिवशी एकविसापर्यंत, मग एकोणतीस, पस्तीस, अडतीस, त्रेचाळीस आणि सातव्या दिवशी शेवटपर्यंत. नवखा वाचक ही वाटणी पाहून चक्रावतो. दुसऱ्या दिवशी बारा अध्याय आणि पाचव्या दिवशी तीनच? कारण साधं आहे. अध्याय सारख्या लांबीचे नाहीत. छत्तिसावा आणि सदतिसावा हे आचारधर्माचे अध्याय, सकाळी उठल्यापासून रात्री झोपेपर्यंत काय कसं करावं याची तपशीलवार यादी, आणि ती यादी लांबलचक आहे. कथा नसल्यामुळे वाचताना जीभ जड होते, डोळे मिटायला लागतात. पारायणात डुलकी लागते ती बहुतेक याच दिवशी. पाचव्या दिवशी पहाटे, पोट हलकं असताना बसावं आणि ‘आज तीनच अध्याय’ म्हणून दुपारवर ढकलू नये.

वेळेचा अंदाज: सरावाचा माणूस स्वच्छ उच्चारात मिनिटाला आठ-नऊ ओव्या वाचतो. साडेसात हजार ओव्यांना साधारण पंधरा तास, म्हणजे रोज सरासरी सव्वादोन तासांच्या आत-बाहेर. पहिल्यांदा वाचणाऱ्याने रोज साडेतीन तास मोकळे ठेवावेत. यात पूजा, संकल्प, आरती धरलेली नाही. बँकेत दहाला पोहोचायचं असेल तर सहाला बसलेलं बरं, आणि सहाला बसायचं तर साडेचारला उठणं आलं. डिसेंबरात वडोद्यात सात वाजेपर्यंत नीट उजाडत नाही. समईच्या उजेडात बारीक टाइपाची पोथी वाचण्याचा हट्ट धरू नये, डोक्यामागून दिवा लावावा. त्याला कुठेही मनाई नाही.

पोथ्यांच्या प्रती सारख्या नसतात, हे सामूहिक पारायणात हमखास नडतं. अवतरणिका (सगळ्या अध्यायांचं सार) अध्याय म्हणून मोजायची की वेगळी, गुरुगीता (गुरूचं माहात्म्य सांगणारं स्तोत्र) आत धरायची की नाही, यावरून कुठे एक्कावन्न अध्याय भरतात, कुठे बावन्न, कुठे त्रेपन्न. सगळे एका सुरात वाचत असताना एकोणपन्नासाव्या अध्यायाला अर्धी मंडळी गुरुगीतेत शिरतात आणि अर्धी पुढच्या कथेत. आधीच सगळ्यांच्या पोथ्या एकदा शेवटून उघडून पाहाव्यात. एका छपाईच्या पुरेशा प्रती मिळत नसतील, तर शेवटच्या दिवसाचं वाचन एकाने मोठ्याने करावं आणि बाकीच्यांनी ऐकावं.

मांडणी फार नाही. चौरंग, त्यावर दत्ताची तसबीर किंवा पादुका, शेजारी श्रीगुरूंसाठी रिकामा पाट, त्यावर वस्त्र. वाचणाऱ्याचं तोंड पूर्वेला किंवा उत्तरेला, आसन सातही दिवस तेच, जागा तीच, शक्यतो वेळही तीच. कांदा-लसूण नाही, जमिनीवर चटईवर झोपणं, बोलणं कमी. मध्ये सोयर-सुतक आलं तर घरातल्या नव्हे, दुसऱ्या गोत्रातल्या माणसाने पुढे वाचून पूर्ण करावं. ही व्यवस्था पहिल्याच दिवशी ठरवून ठेवावी, तिसऱ्या दिवशी रात्री फोन फिरवत बसू नये.

घरोघर सगळ्यांत जास्त घालमेल होते ती नंदादीपावरून. सात दिवस अखंड दिवा म्हटला, की लोक समई काठोकाठ तेलाने भरतात आणि जाड वात घालतात. जाड वात तेल भराभर ओढते, काजळी धरते आणि पहाटे तीनच्या सुमारास स्वतःच्याच काजळीने गुदमरते. काठोकाठ भरलेल्या तेलात वातीचं टोक बुडून ज्योत विझते, ते वेगळंच. मध्यम जाडीची, पीळ घट्ट न दिलेली कापसाची वात घ्यावी, टोक तेलाच्या वर बोटाच्या पेरभर ठेवावं आणि तेल समईच्या पाऊण भागापर्यंतच घालावं. अशी एक वात रात्रभरात साधारण पाव वाटी तेल घेते. झोपण्याआधी आणि पहाटे उठल्यावर काजळी चिमट्याने काढावी. काजळी काढताना दिवा जाण्याची भीती असते, म्हणून आधी त्याच ज्योतीवर शेजारची दुसरी वात पेटवून घ्यावी. पंखा बंद असतो, पण खिडकीची फट विसरली जाते. समईभोवती तीन बाजूंनी पितळी ताटं उभी केली तरी काम भागतं. आणि एवढं करून दिवा गेलाच, तर पुन्हा लावून गुरुमंत्राचा एक जप करावा आणि वाचायला बसावं. दिवा विझला म्हणून पारायण सोडून देणारी माणसं आहेत. त्यांनी पोथी पुरेशी वाचलेली नसते.

घसा तिसऱ्या दिवशी बसतो. पहिल्या दोन दिवशी उत्साहात वरच्या पट्टीत वाचल्याचा तो परिणाम. शेजारच्या खोलीत ऐकू जाईल एवढाच आवाज पुरे. अध्याय संपल्यावर कोमट पाण्याचे दोन घोट घ्यावेत, अध्यायाच्या मध्ये घेऊ नयेत. जन्माच्या वेळी, जयंतीच्या संध्याकाळी, चौथा अध्याय पुन्हा वाचतात, अनसूयेची कथा. त्यासाठी आवाज राखून ठेवायला हवा, नाहीतर नेमक्या त्या वेळी घरातलं पोरगं पुढे करावं लागतं.

समाप्तीच्या नैवेद्यात घेवड्याची भाजी हवीच, अठराव्या अध्यायातल्या अमरापूरच्या दरिद्री ब्राह्मणाच्या वेलामुळे. खंडेराव मार्केटात डिसेंबरात वालोळ आणि पापडी दोन्ही ढिगाने असतात. चपटी, कोवळी, दाणा न धरलेली वालोळ घ्यावी, पापडी पटकन गळते. चार माणसांना अर्धा किलो. दोन्ही कडांच्या शिरा काढून हाताने तुकडे करावेत, सुरीने कापल्या तर शिरा आत राहतात. तेलात मोहरी, हिंग, हळद, मग भाजी, पाण्याचा हबका, झाकणावर पाणी. शिजल्यावर मीठ, गूळ, गोडा मसाला, ओलं खोबरं. गोडा मसाला विकतचा असेल तर त्यात कांदा-लसूण नाही ना हे पाकिटावर वाचून घ्यावं. सात दिवस पाळलेलं सोवळं शेवटच्या दिवशी मसाल्याच्या पाकिटात मोडायचं नसेल तर एवढं बघाच.

स्वामींनी सत्यदत्ताची पूजाही रचून दिली. इथल्या मराठी घरांत ती सत्यनारायणासारखीच होते, प्रसादही तसाच, सव्वा मापाचा शिरा. सव्वा वाटी रवा, सव्वा वाटी तूप, सव्वा वाटी साखर, हे ठीक. बिघडतं ते दूधही सव्वाच वाटी घातल्यामुळे. मग रवा फुलत नाही आणि प्रसाद भुसभुशीत कोरडा होतो. सव्वा वाटी दूध घालून वर तेवढंच, किंवा किंचित जास्त, उकळतं पाणी घालावं. रवा मंद आचेवर बारा-पंधरा मिनिटं तरी भाजावा आणि साखर दूध-पाणी पूर्ण आटल्यावरच घालावी.

स्वामींनी ठरवलेलं माप त्यांच्यानंतर आणखी लहान झालं, आणि ते गुजरातीत झालं. त्यांचे शिष्य रंग अवधूत, मूळ नाव पांडुरंग विठ्ठल वळामे. घराणं रत्नागिरीकडचं, जन्म १८९८ चा गोध्र्याचा, वडील तिथल्या विठ्ठलमंदिरात पुजारी. घरात मराठी, गावात गुजराती. असहकाराच्या दिवसांत शिकले, काही काळ शिक्षक होते आणि १९२५ च्या सुमारास नर्मदाकाठी नारेश्वरच्या रानात, स्मशानाच्या जागेत जाऊन राहिले. नारेश्वर आज करजण तालुक्यात, वडोद्याहून दीड तासाच्या आत. १९६८ मध्ये हरिद्वारला त्यांनी देह ठेवला.

त्यांनी १९३५ मध्ये दत्तबावनी लिहिली. बावन्न ओळी. गुरुचरित्राच्या कथा त्यात एकेका ओळीत येतात, नाव-गाव न सांगता, आणि म्हणूनच ज्याने पोथी वाचलेली नाही त्याला निम्म्या ओळी कळत नाहीत. वांझ म्हशीला दूध फुटलं ही ओळ बाविसाव्या अध्यायाची. वाळक्या लाकडाला पानं फुटली ती चाळिसाव्याची. वृद्ध वंध्येला मूल झालं ती एकोणचाळिसाव्याची. ‘झालर’ खाऊन देव रिझला आणि सोन्याचा घट दिला, ती आपल्या घेवड्याची, अठराव्याची. पोथीच्या समासात बावनीची ओळ आणि बावनीच्या पुस्तिकेत अध्यायाचा आकडा लिहून ठेवला तर दोन्ही वाचनं एकमेकांना धरून चालतात. घरातल्या गुजराती सुनेला किंवा जावयाला गुरुचरित्राकडे आणायचं असेल तर हा सगळ्यांत सोपा रस्ता आहे, आणि आता वडोद्यात अशी घरं पुष्कळ आहेत.

बावनीतच तिचं अनुष्ठान सांगितलं आहे: बावन्न गुरुवार, दर गुरुवारी बावन्न पाठ. एक पाठ स्वच्छ म्हणायला साडेतीन मिनिटं लागतात. बावन्नांना तीन तास. सलग तीन तास बसणं जमत नाही म्हणून लोक वेग वाढवतात, आणि वेग वाढला की ओळी गाळल्या जातात, विशेषतः मधल्या, सारख्या चालीच्या. त्यापेक्षा तेराचे चार भाग करावेत. पहाटे तेरा, अकराच्या सुमारास तेरा, संध्याकाळी तेरा, रात्री तेरा. मोजायला दोन वाट्या आणि तेरा तुरीचे दाणे पुरतात, बोटांवर मोजणारा आठव्या-नवव्या पाठाला हमखास चुकतो. बावन्न गुरुवार म्हणजे जवळजवळ वर्ष. मध्ये प्रवास येतो, आजारपण येतं. चुकलेला गुरुवार शेवटी वाढवून घेतात, शुक्रवारी भरून काढत नाहीत.

अलीकडे तेरा माणसं जमून प्रत्येकी चार पाठ म्हणतात आणि बावन्न झाले असं धरतात. यावर वाद आहेत. आमचा कौल असा, की बावनीतला हिशेब एकट्या माणसाचा आहे, तेरा जणांचे मिळून बावन्न हे सामूहिक नामस्मरण झालं, अनुष्ठान नव्हे. पण अवधूतांनी बावन्न गुरुवारांच्या पाठोपाठ लगेच दुसरी वाटही दिली आहे, ‘यथावकाशे’, सवड मिळेल तसा रोजचा नेम. बहुतेक घरांसाठी तीच वाट खरी, म्हणून तेरा जणांनी एकत्र बसण्यात वावगं काही नाही. फक्त त्याला बावन्न पाठ म्हणू नये.

गरुडेश्वरला जायचं तर डभोई, तिलकवाडा या रस्त्याने, पाऊणशे किलोमीटरच्या पुढे थोडं. २०१८ नंतर केवडियाच्या पुतळ्यामुळे शनिवार-रविवारी हा रस्ता भरलेला असतो, आठवड्यातला मधला वार आणि सकाळची वेळ बरी. घाटावर पायऱ्यांवर बसूनच स्नान करावं. वर धरण आहे, पाणी सोडलं की पातळी बदलते, आणि काठावरचं शेवाळ पावसाळ्यानंतर महिना-दोन महिने तसंच असतं. समाधिमंदिरात बसून वाचायचं असेल तर सप्तशती न्यावी. आरत्यांच्या मधल्या वेळेत ती पूर्ण होते, जाड पोथी होत नाही.